उलटं चालणारे नागोजीराव

नागोजीराव मोहित्यांबद्दल लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. टाळायला कारणं होती. चष्म्याचा नंबर बदलला होता, नातीचं लग्न होतं, कागदावर लिहावं की फोनवर हे ठरत नव्हतं. ज्या माणसानं माझं एकही कारण कधी मानलं नाही, त्याच्याबद्दल न लिहिण्यासाठी मी इतकी कारणं शोधली, याची त्यांना गंमत वाटली असती. आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. आणखी टाळलं तर टाळणाराही उरायचा नाही, म्हणून बसलो.

नागोजीराव उलटे चालायचे. उलटे म्हणजे अक्षरशः उलटे, पाठ पुढं आणि तोंड मागं. सत्तरी ओलांडलेला, सुटलेल्या पोटाचा, कानटोपी घातलेला हा माणूस रोज पावणेसहाला बेंगळुरूच्या हेब्बाळमधल्या आमच्या लेआउटमधून, म्हणजे वसाहतीतून, तळ्याच्या दिशेनं पाठीकडून सरकत जायचा. चाल बऱ्यापैकी झपाट्याची असायची. हात मागं बांधलेले आणि नजर समोर, म्हणजे आपण जिथून आलो तिकडं. कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटच्या वॉचमनला ते येताहेत की जाताहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तो त्यांना दोनदा सलाम करायचा. गल्लीतली कुत्री अनोळखी माणसावर भुंकत, ओळखीच्याकडं शेपूट हलवत. नागोजीरावांच्या बाबतीत ती आधी भुंकत, मग तोंड दिसलं की शरमून शेपूट हलवत.

एकदा एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून मला हळूच विचारलं होतं, "काय झालंय त्यांना? दवाखान्यात न्यायचंय का?"

नागोजीरावांनी ते ऐकलं. "न्यायचंय की," ते म्हणाले, "पण आम्हाला नाही. हे मागं येताहेत ना, त्यांना. ह्यांना आळस झालाय."

ते मागं येणारे म्हणजे मी.

मी मूळचा निपाणीचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, कारखान्यात पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन इथंच घर केलं. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी त्याच दिवशी पांढरे शुभ्र बूट आणले आणि मला निम्मं बरं वाटलं. पुढचे दोन महिने ते बूट पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीच्या कठड्यावर होते. आमच्या बायकोनं, सुमननं, ते दोनदा पुसलेही. एका सकाळी मी गॅलरीत चहा पीत उभा असताना खालून आवाज आला.

"अण्णा, हे बूट कुणाचे?"

तीन घरं पलीकडचे मोहिते, एवढीच तोवर ओळख होती. म्हटलं, "माझे."

"मग त्यांना घेऊन या की खाली. स्वल्प हवा खाऊ दे बुटांना. सुम्ने कशाला बसवून ठेवलाय?"

सुम्ने म्हणजे उगाच. मोहित्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेलं आणि इथलंच झालेलं. त्यांची मराठी घराबाहेर फारशी न पडलेली, त्यामुळं जुनीही होती आणि कन्नडात मुरलेलीही. मी सीमेवरचा, म्हणून मला ती परकी वाटली नाही. माझ्या पुण्याच्या सुनेला मात्र त्यातलं निम्मं कळायचं नाही. "आमचे पूर्वज इथं घोड्यावर आले," नागोजीराव सांगायचे, "मग आजोबा सायकलीवर आले, वडील बसमध्ये बसून सोडले. आता घराण्यात चालणारा मी एकटाच."

त्या सकाळी मी बूट घालून खाली उतरलो तो त्यांच्या तावडीत पाच वर्षं सापडलो.

उलटं चालणाऱ्या माणसाला मागं डोळे लागतात. ते काम माझ्याकडं आलं. आमच्याकडं बस मागं घेताना कंडक्टर मागं उभा राहून "बरली, बरली" असं ओरडतो. बरली म्हणजे येऊ द्या. मी नागोजीरावांच्या समोरून चालत तसाच ओरडायचो. "बरली... बरली... स्वल्प डावीकडं... गाय आहे, थांबा... बरली." पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कारखान्यात फोरमन होतो, माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. पण या कामात एक खुबी होती, ती मला फार उशिरा कळली. ज्याच्यावर दुसऱ्याची पाठ सोपवलेली असते त्याला मागं रेंगाळता येत नाही, फोनकडं बघता येत नाही, आणि घरी तर अजिबात राहता येत नाही.

म्हणजे मी घरी राहायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माणूस व्यायाम टाळण्यासाठी जेवढी बुद्धी खर्च करतो तेवढी त्यानं इतरत्र केली तर त्याचं भलं होईल. माझी सगळी कारणं अस्सल असायची, पण नागोजीरावांचं एकच ब्रीद होतं, "कारण नको, पाय द्या."

पाऊस आहे म्हटलं, तर खाली ते दोन छत्र्या घेऊन उभे. त्यातली एक उघडलेली, म्हणजे मला नाही म्हणायचा संकोच व्हावा. अमावास्या आहे, आज नको, असं एकदा म्हणून पाहिलं. "अमावास्या चंद्राला, पायांना कुठली?" पाहुणे आलेत म्हटलं, तर म्हणाले, "किती जण?" माझा मेहुणा निपाणीहून दोन दिवसांसाठी आला होता. त्या बिचाऱ्याला त्यांनी तळ्याला एक पूर्ण फेरी मारायला लावली. तेव्हापासून मेहुणा आला की संध्याकाळच्या बसनं परत जातो.

बुटाचा तळ निघाला तेव्हा मात्र मला वाटलं, सुटलो. ते काही न बोलता घरी गेले आणि स्वतःचे जुने बूट घेऊन आले. त्यांचा दहा नंबर, माझा सात. पुढं वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यांनी ते माझ्या पायांत चढवले. त्या दिवशी मी पाय टाकायचो आणि बूट अर्ध्या सेकंदानं यायचा. सुमन गॅलरीतून बघत होती. इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

"अक्का, हसू नका," नागोजीराव खालून म्हणाले, "उद्या तुमची पाळी."

"मला नका ओढू भावजी," ती म्हणाली, "मी घरातच रोज पाच मैल चालते. ह्यांच्या मागं."

ते काही व्यायामवेडे नव्हते. योगासनं त्यांना येत नव्हती, प्राणायामात झोप लागायची. फेरी संपली की तळ्याजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही एक कॉफी दोघांत घ्यायचो आणि ते एक खारा बन मागवायचे. त्याचे दोन तुकडे करून मोठा मला द्यायचे आणि मग दुसरा बन मागवायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "पर्वागिल्ला, चालतंय अण्णा. बन अर्धा खाल्ला की त्याला पाप नसतं." त्यांच्या मुलीनं, वैदेहीनं, त्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं. चार दिवस मनगटावर बांधून त्यांनी ते परत केलं. तक्रार अशी, की त्याला माणूस पुढं चाललाय की मागं हे कळत नाही. "दिशा कळत नाही त्याला मोजून काय उपयोग?"

उलटं चालण्याचं कारण विचारलं की ते दर वेळी वेगळं सांगायचे. गुडघ्याला चांगलं असतं, एवढंच म्हणून सोडायचे. कधी म्हणायचे, सूर्य डोळ्यांत येत नाही. कधी म्हणायचे, "तुमच्यासारखा देखणा माणूस सोडून रस्ता कशाला बघू?" मी विचारणं सोडून दिलं.

चौथ्या वर्षी मात्र एका सकाळी त्यांनी ते न विचारता सांगितलं. तळ्याकाठच्या बाकावर आम्ही बसलो होतो. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडं जाणाऱ्या गाड्यांचे दिवे हलत होते. त्या दिवशी त्यांनी खारा बन घेतला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आज इंदूचा दिवस."

इंदू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. आम्ही लेआउटमध्ये राहायला यायच्या आधीच त्या गेल्या होत्या.

"तिला डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला नव्हतं सांगितलं. तिला सोबत पाहिजे होती. मी काय करायचो ठाऊक आहे? रोज एक कारण. कारण चाललं नाही की निघायचो तिच्या मागून. ती पुढं, मी मागं. पहिल्या आडव्या गल्लीचा क्रॉस आला की मी सटकायचो. सरळ दर्शिनी. दोन इडल्या, एक वडा. ती पुढं जाऊन मागं वळून बघायची. मी नसायचो. मग एकटीच जायची."

मी बाकावर त्यांच्याकडं वळून बसलो.

"एक दिवस नव्हं अण्णा. कैक वर्षं. घरी आल्यावर एकदाही विचारलं नाही तिनं, कुठं गेला होता म्हणून. नुसती हात धुऊन स्वयंपाकाला लागायची. शेवटी शेवटी वळून बघायचंही सोडून दिली होती. हे मला त्या दर्शिनीवाल्यानं सांगितलं. तो तिथनं बघायचा दोघांना."

त्यांनी कानटोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"ती गेल्यावर मी चालायला लागलो. आणि ठरवून सोडलो, ज्याच्याबरोबर चालायचं त्याचं तोंड बघत चालायचं. माझ्यासारखे लोक फार असतात, मागच्या मागं सटकणारे. तुमची सगळी कारणं मला कशी पाठ आहेत वाटतं तुम्हाला? सगळी माझीच आहेत ती." मग ते उठले. "सरी, ठीक. चला. कारण नको."

हे त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं. हे कळल्यावरही मी जे केलं ते आता लिहितो.

त्यानंतरच्या जानेवारीतली सकाळ होती. बेंगळुरूची जानेवारीतली पहाट म्हणजे पांघरूण अंगाला चिकटून बसते. मला ताप नव्हता. पाय दुखत नव्हते, झोप झाली होती, घरी पाहुणे नव्हते. मला नुसता कंटाळा आला होता. आज एक दिवस कुणाची पाठ सांभाळायची नाही, कुणासाठी ओरडायचं नाही, गादीत पडून राहायचं, एवढंच मनात होतं. पण पाऊस, पाहुणे, बूट ही सगळी कारणं वापरून झाली होती. पडल्या पडल्या मला एक नवं सुचलं. घसा. घसा बसलेला माणूस "बरली" म्हणू शकत नाही. ज्याच्या आवाजाचंच काम आहे त्याचा आवाज गेला, तर त्याला ओढून नेण्यात अर्थ उरत नाही. या कारणाला नागोजीरावांकडं उत्तर नसणार, याचा मला खरंच आनंद झाला.

खालून हाक आली. "अण्णा!"

मी सुमनला म्हटलं, "सांग, घसा बसलाय. अंगात ताप आहे."

"मी नाही खोटं बोलणार. तुम्हीच सांगा."

"मी कसं सांगू? घसा बसलाय ना माझा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग गॅलरीत जाऊन तिनं सांगितलं, माझ्याच शब्दांत.

"बसू दे की," नागोजीरावांचा आवाज आला. "पाय बसले नाहीत ना? कारण नको, पाय द्या म्हणावं."

"ताप आहे भावजी."

मग ते म्हणाले, "सरी अक्का. तुळशीचा काढा द्या. मी कोपऱ्यापर्यंत आहे."

कोपऱ्यापर्यंत, हा त्यांचा नियम होता. कुणी येत नाही म्हटलं तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत उलटेच चालायचे, त्याच्या घराकडं बघत. तेवढ्यात कुणाचा विचार बदलला, तर त्यानं धावत यावं. कोपऱ्यावर मात्र ते वळायचे आणि पुढं एकटे असले तर चारचौघांसारखे सरळ चालायचे. एरवी गल्ली त्यांच्या पायाखालची होती. तिथं त्यांना माझीही गरज नसायची.

मी उठलो. कशासाठी उठलो हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. पाणी प्यायला, असं मी पुढं सुमनला सांगितलं, पण ते खरं नाही. ते खरोखर गेले का, हे बघायला मी उठलो होतो. गॅलरीच्या दाराचा पडदा बोटभर सरकवून मी बघितलं. रस्त्याच्या दिव्याखालून ते मागं मागं जात होते. नजर थेट आमच्या गॅलरीकडं. मी घाबरून पडदा सोडला. आणि पुन्हा सरकवला.

तेव्हा मला चर दिसली. आदल्या संध्याकाळी ती नव्हती. कोणतीतरी केबल टाकायला रात्रीतून गल्लीच्या टोकाशी आडवी खणून ठेवलेली, कंबरभर खोल, बाजूला मातीचा ढीग, आणि ना दिवा ना दोरी. नागोजीराव तिच्यापासून दहा-बारा पावलांवर होते.

मला फक्त "थांबा" म्हणायचं होतं.

माझा आवाज कारखान्यात यंत्रं चालू असताना या टोकाहून त्या टोकाला जायचा. गल्ली निवांत होती. एका हाकेत ते थांबले असते. पण हाक मारली असती तर घसा खोटा ठरला असता. हे मी विचार करून ठरवलं असं म्हणणार नाही, तेवढा वेळच नव्हता. पण तो विचार आला हे मला पक्कं ठाऊक आहे. आधी तो आला, मग दुसरा आला की ते स्वतःच मागं बघतील, मातीचा ढीग लागेल पायाला. या दोन विचारांत दहा पावलं संपली. मी तोंड उघडलं तेव्हा रस्त्यावर दिव्याखाली कुणी नव्हतं.

मी अनवाणी धावलो. धावताना ओरडत होतो, कुणीतरी या, वॉचमनला बोलवा, गाडी काढा. चरीत ते कुशीवर पडले होते. चेहरा पांढरा पडला होता. मला बघून त्यांनी हात वर केला. मला वाटलं, उचला म्हणताहेत.

"अण्णा," ते म्हणाले, "ओरडू नका. घसा जाईल तुमचा."

उजवा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वय आणि वजन पाहता काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालले तरी पुष्कळ. वैदेही त्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीत आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिची नोकरी तिकडंच होती.

ते पडले त्याच संध्याकाळी सुमननं विचारलं, "तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो. पडद्याचं तिला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, खोट्या तापाचंच काय ते सांगायचं आहे.

हेब्बाळहून इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. दोन बस बदलून, रस्ते तुंबलेले असले तर तीन तास. मी दर गुरुवारी जायचो. जाताना वाक्यं जुळवायचो. बस वरच्या लांब पुलावर चढली की वाक्यं तयार झालेली असायची आणि उतरली की विस्कटलेली. एका गुरुवारी वैदेही घरी होती, तिच्यासमोर कसं बोलायचं. एकदा त्यांना वेदना होत्या. एकदा फिजिओथेरपीवाली बाई आली होती. एकदा ते फार आनंदात होते, पाय दोन बोटं जास्त उचलला होता, त्या दिवशी तर नकोच वाटलं. घरी आलो की सुमन विचारायची, "सांगितलंत?" मी कारण सांगायचो. चौथ्या का पाचव्या खेपेनंतर तिनं विचारणं सोडलं. नुसती ताट वाढायची. ते जास्त लागायचं.

नागोजीराव पलंगावर पडूनसुद्धा स्वस्थ बसले नव्हते. पायाची बोटं पुढं-मागं करायचा दिलेला व्यायाम ते मोठ्यानं आकडे म्हणत करायचे आणि मलाही खुर्चीत बसून करायला लावायचे. "माझ्यासमोर सुम्ने बसायचं नाही." त्या खोलीत दोन म्हातारे समोरासमोर पावलं हलवत बसलेले पाहून फिजिओथेरपीवाली बाई एकदा हसली. ते तिला म्हणाले, "हे माझे मित्र. तापात उठून धावत आले होते माझ्यासाठी. अनवाणी." तिनं माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी बोटं हलवत राहिलो.

वैदेहीनं आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना तेच सांगितलेलं होतं. आजही इथली माणसं मला तसंच ओळखतात.

शेवटच्या खेपेला त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं. खोकला झाला होता, आवाज खोल गेला होता. मला वाटलं, त्यांना कळलं आहे. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्यांनी विचारावं, मी हो म्हणावं आणि हे संपावं.

"अण्णा, एक गोष्ट राहून राहून मनात येते," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही खरंच आजारी होता. आणि मी खालनं बोललो, पाय बसले नाहीत ना, म्हणून. तापानं पडलेल्या माणसाला असं बोलतात काय? पाच वर्षं तुमचं एक कारण मानलं नाही मी. खरं कारण आलं तेव्हाही मानलं नाही. ही सवय वाईट. मनाला लावून घेऊ नका. माफ करून सोडा मला."

त्यांनी हात पुढं केला होता. पांघरुणाबाहेर, तळहात वर.

तोंड उघडायला तो क्षण पुरेसा होता. दार लोटलेलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यांना वेदना नव्हत्या. एकही कारण शिल्लक नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "असू द्या हो नागोजीराव. मी कधीच विसरलो ते."

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बोलून सोडलो," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

म्हणजे जी माफी मी मागायची होती ती त्यांनी मागितली आणि मी ती दिली. पुढच्या गुरुवारी मी निघायच्या आधीच वैदेहीचा फोन आला. छातीत कफ भरला होता. पहाटे गेले.

पडद्याचं मी सुमनला त्या दिवशी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भावजींना सांगायला हवं होतं. त्यांनी माफ केलं असतं हो." त्यांनी माफ केलं असतं हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचीच मला भीती वाटत होती.

त्यानंतर माझी एकही सकाळ चुकलेली नाही. मी सरळ चालतो, एकटा. साखर ताब्यात आहे. तळ्यावर येणारी तरुण मुलं मला थांबवून विचारतात, आजोबा, या वयात एवढी चिकाटी कुठून आणता, आम्हाला तर आठवडाभर जमत नाही. मी म्हणतो, एका मित्रानं सवय लावली. ते खोटं नाही. पण मला घराबाहेर काढते ती सवय नव्हे. सकाळी जाग आली, पांघरूण गोड लागलं आणि मनात पहिलं कारण हललं, की त्यानंतर मला त्या गादीत पडवत नाही.

नागोजीराव, तुम्ही माझी माफी मागितलीत. मागायचं काहीच नव्हतं. त्या सकाळी मला ताप नव्हता, घसा चांगला होता आणि मी पडद्याआडून तुमच्याकडं बघत होतो. चर मला दिसली होती. मी हाक मारली नाही. मला माफ करा.